हेसेलची नळी आणि माझी सळई

हे लिहायचंच नव्हतं. तीनदा टाइप केलं, तीनदा पुसलं. पण माझा मित्र वेंडेल म्हणाला, "ऑरिन, तू नाही लिहिलंस तर मार्लिस लिहील!" मार्लिस आमच्या नेमबाजी क्लबची. तिने लिहिलं तर मला विस्कॉन्सिन राज्य सोडून पळावं लागेल. म्हणून मीच लिहितो.

तर मी स्वतःच्या हाताने रायफल बनवत होतो. जुन्या पद्धतीची, एका वेळी एकच गोळी भरायची, उभं राहून दोनशे यार्डांवरचा कागद फोडायची. दस्ता मी घासला, खटका मी बसवला, सगळं व्हिडिओ बघून! राहिली होती फक्त नळी. आणि आमच्याकडे नळी म्हणजे हेसेल. म्हातारा वर्षाला सहाच नळ्या करतो. तीन वर्षांची रांग. मला तर तो दारातही उभं करत नव्हता. शेवटी वेंडेलने रांगेतला स्वतःचा नंबर मला दिला आणि तो पुन्हा शेवटी गेला. "याची जबाबदारी माझ्यावर," असं हेसेलच्या तोंडावर सांगून.

हेसेलची एक रीत आहे. तो गिऱ्हाइकाच्या हातात दोन नळ्या ठेवतो. गोळीला फिरवणाऱ्या आतल्या आट्यांचा पीळ दोन्हींत वेगळा. कुठल्या नळीत किती, ते सांगत नाही.

"घरी जा. मोज. तुझ्या गोळीला कुठली लागते ते ठरव. शनिवारी एक परत आण," तो म्हणाला. "चुकलास तर दोन्ही परत!"

"शनिवार कशाला? अर्ध्या तासात सांगतो!" मी म्हटलं.

वेंडेलने माझ्या बुटावर बूट ठेवला. जोरात.

मोजायचं सोपं असतं हो. सळईला घट्ट चिंधी गुंडाळायची, सळईवर शाईची खूण करायची आणि नळीतून ढकलायची. आट्यांतून जाताना चिंधी फिरते, तिच्याबरोबर सळई फिरते. खूण पूर्ण फेरा मारून वर आली, की सळई किती इंच आत गेली ते बघायचं. सोळा आलं तर माझ्या लांबड्या गोळीला झकास. अठरा आलं तर परत.

पहिली नळी. ढकलली. दहा इंच, वीस इंच, तीस इंच... खूण जागची हलेना! दुसरी नळी. जेमतेम पाव फेरा! मी फोन लावला.

"वेंडेल! म्हाताऱ्याने आपल्याला पाण्याचे पाइप दिलेत!"

"गप रे. परत मोज."

"चारदा मोजलं! चार वेगळी उत्तरं आली!"

वेंडेल धावत आला. त्याने स्वतः ढकलून बघितलं. मग गाडीतून स्वतःची रायफल आणली, तीही हेसेलच्याच नळीची. तीत सळई घातली. अर्धा फेराही नाही! वेंडेल अवजारांच्या पेटीवर मटकन बसला. "नऊ वर्षं... नऊ वर्षं मी हिला जिवापाड जपतोय रे..."

मला राहवलं नाही. क्लबच्या ग्रुपवर टाकलं: "हेसेलच्या नळ्यांत पीळच नाही! येऊन खात्री करा." वेंडेल "नको!" म्हणेपर्यंत गेलंसुद्धा.

तासाभरात अंगणात गाड्यांची जत्रा! आमच्या क्लबचा जुना नियम आहे, मापावरून भांडण झालं तर सगळ्यांचं एकाच मापाने मोजायचं. म्हणून प्रत्येकाने आपापली सळई गाडीत ठेवली आणि माझी घेऊन आपापली रायफल मोजली. एकेकाचा चेहरा पडत गेला. शेवटी मार्लिस टॉफ्टे आली. अकरा वर्षं सलग चॅम्पियन, दरवर्षी बक्षिसाचं डुकराचं तंगडं तीच घरी नेते. तिने सळई ढकलली. खूण फिरली. उलटी!

"उलटी?" मार्लिस किंचाळली. "अकरा वर्षं मी उलट्या नळीने जिंकतेय?"

एका आजोबांनी टोपी काढून छातीशी धरली.

गुरुवारच्या सरावात मार्लिसचा नेम हुकला. नुसता हुकला नाही, गोळी कागदालाच लागली नाही! आयुष्यात पहिल्यांदा. गावात लोक हळू आवाजात बोलायला लागले.

शनिवारी आम्ही अकरा जण, दहा रायफली आणि माझ्या दोन सुट्या नळ्या घेऊन हेसेलच्या दुकानात घुसलो. म्हातारा सॉसेज खात होता. सगळ्यांचा आरडाओरडा होईपर्यंत चावत राहिला. मग म्हणाला, "उजेडाकडे धरून कोणी नळीत डोळा लावला?"

सगळ्यांनी आपापल्या नळ्या खिडकीकडे वळवल्या. आत आटे, गरगर फिरत गेलेले. बाटलीचं बूच काढायच्या स्क्रूसारखे! सगळ्या नळ्यांत!

"सळई कोणाची?"

बावीस डोळे माझ्याकडे... म्हणजे माझे धरून. मी सळई दिली. त्याने एका हाताने तिची मूठ धरली, दुसऱ्याने सळई पिळून बघितली.

"मूठ फिरत नाही."

"कशी फिरेल?" मी छाती काढून म्हणालो. "हिवाळ्यात खुळखुळत होती. मी गोंद ओतून पक्की..."

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. मूठ हातात स्थिर राहायची आणि सळईने तिच्या आत मोकळं फिरायचं, त्यासाठीच ती खुळखुळती असते! मी ती चिकटवली. म्हणजे इतके दिवस आम्ही नळी मोजत नव्हतो, मनगटं मोजत होतो! मला दरदरून घाम फुटला. उन्हात विसरलेलं चीज पाझरतं ना, तसा.

"मग माझी उलटी फिरली ती?" मार्लिस म्हणाली.

"तुमचं मनगट, मार्लिस," हेसेल म्हणाला. "नळी सरळ सज्जन आहे."

मार्लिसने माझ्याकडे असं बघितलं, की मी दोनशे यार्डांवरचा कागद झालो.

हेसेलने दोन्ही हात पुढे केले. "आण. दोन्ही."

मी नळ्या उचलल्या. तेवढ्यात वेंडेल मध्ये आला. "मिस्टर हेसेल, जबाबदारी मी घेतली होती. यादीतून माझं नाव कायमचं काढा. त्याची नळी त्याला राहू द्या."

हेसेलने शेवटचा घास गिळला आणि भिंतीवरची स्वतःची सळई माझ्या हातात दिली. "मोज."

चिंधी गुंडाळली, खूण केली, ढकललं. पहिली: अठरा. दुसरी: सोळा. काट्यावर काटा!

"ही. सोळाची."

त्याने अठराची काढून घेतली. "नाव राहू दे, वेंडेल. आणि तू, आता या दहाही मोज. प्रत्येक नळीमागे एक माफी."

मोजल्या. मार्लिसने दोन माफ्या घेतल्या, एक गुरुवारची.

परत येताना वेंडेल गाडी चालवत होता. मी मांडीवर नळी घेऊन बसलेलो. घर आलं. त्याने गाडी थांबवली, दाराची आतली कडी ओढली. हलेना. परत ओढली.

"ऑरिन," तो समोर बघत, एकदम शांतपणे म्हणाला, "ही कडी सकाळी खुळखुळत होती."

"हो... तू कॉफी घेत होतास... म्हटलं जाता जाता थोडा गोंद... धरायला सहा तास लागतात त्याला..."

वेंडेल काच खाली करून खिडकीतून बाहेर पडला. अर्धा पडला. अर्धा अडकला. त्याला पाय धरून ढकलता ढकलता मी वचन दिलं, "वेंडेल, तुझी शपथ! यापुढे जे खुळखुळतंय, ते खुळखुळू देईन!"