ताऱ्याची गमी

बाजार खुला झाला म्हणून भाषणं ठोकता ना, साहेब? उज्जैनच्या फ्रीगंजात परदेशी कोला आलं, पण वीज? ती तुम्हीच खाल्लीत!

सुपरनोव्हा होऊन फुटलेल्या ताऱ्याचा तापलेला गॅस हजारो वर्षं कसा पसरतो, कसा निवतो, हे कॉलेजातले सुहास भागवत घरच्या कॉम्प्युटरवर गणितानं घडवून पाहत होते. सोमवारी निकाल पुण्याला गाइडकडे पोचले नाहीत तर पीएच.डी. बोंबलली. पण गॅस जरा पसरला की लाइट जाई, आणि तारा पुन्हा पहिल्यापासून फोडावा लागे.

"घरात गमी झाली म्हणून सांगा ना," बायको प्रतिभा म्हणाली. "मौतीच्या घरची लाइट ते लोक कापत नाहीत."

"अगं, पण मेलंय कोण?"

"तुमचा तारा मेलाय की! झूठ कुठे बोलायचंय?"

सुहासना पटलं. शुक्रवारी तुमच्या वीज कार्यालयात तुमच्यापुढे उभे राहून ते म्हणाले, "साब, तारा नहीं रहा."

"अरे! ताराचंदजी? कैसे?"

घाबरले की सुहास फक्त खरं बोलत. "फट गया, साब. चारों तरफ गरम गैस..."

"हे महाकाल! गैस की टंकी फटी? और बॉडी?"

"अवशेष फैल रहे हैं. हजारों साल फैलेंगे."

तुम्ही डोळे पुसलेत. "धीरज रखो, भैया. घर जाओ. लाइट का हम देख लेंगे."

संध्याकाळपर्यंत बातमी पसरून घर सांत्वनाला आलेल्या माणसांनी भरलं. शेजारचे भय्यासाहेब तर राम घाटावरचा, क्रियाकर्म करणारा पंडाच घेऊन आले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर ताऱ्याच्या गॅसचा लाल ढग कधी नव्हे इतका फुगला होता. पंड्यानं त्याला हात जोडले. "गोत्र?"

"आकाशगंगा," सुहास पुटपुटले.

"अच्छा, गंगा किनारे वाले!"

इतक्यात बाहेर लाइनमन खांबावर चढला आणि भागवतांची तार कापून खाली उतरला. ढग गुल!

"ये क्या किया, भैया?" प्रतिभा किंचाळली.

"साब का ऑर्डर है, भाभी. जिस घर में गैस फटी, वहाँ करंट नहीं छोड़ते."

त्या संध्याकाळी साऱ्या गल्लीत दिवे झगझगत होते. अंधार एका भागवतांकडे.

शनिवारी सकाळीच सुहास तुमच्याकडे धावले. "साब, कोई आदमी नहीं मरा! आसमान का तारा था!"

तुम्ही पुन्हा डोळे पुसलेत. "हाँ भैया, सबको ऊपर ही जाना है. मृत्यु प्रमाणपत्र ले आइए, लाइन जुड़ जाएगी."

तो फुटला तेव्हा उज्जैन नव्हतं, साहेब. तुमचं ऑफिस नव्हतं, शिक्का नव्हता. परवा सोमवार आहे. ताऱ्याच्या मौतीचा दाखला कुठल्या खिडकीवर मिळतो? मान खाली घालू नका. बोला!