पायपेटी, हातपेटी आणि नानीबाईचे गुडघे

"शेषरावदादाच्या पोरीच्या लग्नात अशी पेटी वाजवतो, अशी वाजवतो, की वसमतचं वऱ्हाड जेवायचं विसरलं पाहिजे!"

जळबानं ही घोषणा केली तेव्हा त्याच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी कालव्याच्या गाळात रुतून बसली होती. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर तो पाटकरी होता, म्हणजे दारं उघडून कुणाच्या शेताला पाणी कधी सोडायचं ते बघणारा. पण ती झाली पोटाची नोकरी. मनानं जळबा पेटीमास्तर! त्याची बायको पद्माबाई, म्हणजे गावातल्याच शेषरावदादाची बहीण, गायची, धाकटा मेहुणा ग्यानोबा ढोलकी वाजवायचा आणि जळबा डोळे मिटून पेटी. जयंती असो, बारसं असो, लग्न असो, आसपासच्या गावांत या तिघांची गायन पार्टी ठरलेली.

"वऱ्हाड जेवायचं विसरलं तर अन्न वाया जाईल, दाजी," ग्यानोबा म्हणाला.

"तू ढोलकी बडव. आन ऐका, लग्नाच्या आत ही जुनी पेटी काढायची. नवी आणायची. हातपेटी! हिला आता सभेत न्यायची लाज वाटून राहिली मला."

जुनी पेटी म्हणजे पायपेटी. कुठल्याशा मोडलेल्या नाटक मंडळीकडून जळबाच्या वडिलांनी आणलेली. खाली दोन फळ्या, त्यावर पाय मारले की भाता फुगायचा आणि दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे. दिसायला कपाटासारखी आणि हलवायला म्हशीसारखी! त्यात मधली एक पट्टी बिघडलेली. पाय मारला रे मारला की कुणी न दाबता तीच आपली 'भ्यांऽऽऽ' करून सूर धरायची, तो गाणं संपेपर्यंत सोडायची नाही.

"हिला पुसलं न्हाई तरी बोलती!" जळबा वैतागून म्हणाला.

"पुसल्याबिगर बोलणारं घरात अजून एक हाय," पद्माबाई भाकरी थापता थापता म्हणाली. "त्याला कुठं बदलून आणायचं? राहू द्या ती पेटी. माझ्या गळ्याला तिची सवय झाली हाय."

पण जळबाच्या डोक्यात नवी पेटी अशी बसली होती, की तिथं दुसरं काही मावेना. ओढ्यापलीकडच्या तांड्यावरच्या मोहनसिंगाला भजनासाठी पेटी हवीच होती. तो पैसे आणि गाडी घेऊन आला. पायपेटी गाडीत चढवली. ओढ्याच्या उतारावर चाक दगडावरून गेलं आणि पेटी लांबून 'भ्यां' करून ओरडली. माहेराहून निघालेल्या पोरीसारखी! पद्माबाई भरलेली घागर पुन्हा भरायला विहिरीवर निघून गेली.

मग जळबा नांदेडहून हातपेटी घेऊन आला. एवढीशी, चकचकीत, पितळी कड्यांची. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "टपावर टाका." जळबानं त्याच्याकडं असं पाहिलं, की त्यानं पुन्हा विषय काढला नाही. पेटी मांडीवर घेऊन तो गावापर्यंत आला. बाळंतिणीनं बाळ आणावं तसा!

पहिला कार्यक्रम पुसेगावचा. बारसं होतं. लोक जमले, पाळणा सजला. जळबानं ऐटीत पेटी उघडली, डोळे मिटले आणि सवयीनं दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवून पाय मारला.

तो पाय बसला थेट ग्यानोबाच्या ढोलकीवर! ढोलकी गडगडत पाळण्याखाली गेली.

"दाजी! काहून लाथा मारून राहिले?"

"चुकून, चुकून! घे ती उचलून!"

पेटीचा आवाज तर निघेना. मग आठवलं, हिचा भाता हातानं हलवायचा. डावा हात मागं गेला. आता पट्ट्यांवर एकटा उजवा! आयुष्यभर दोन हातांनी वाजवलेलं गाणं एका हाताच्या बोटांत कसं मावणार? उजव्याकडं लक्ष दिलं की डावा थांबायचा आणि सूर मरायचा. डाव्याकडं लक्ष दिलं की उजवा भलतीकडं जायचा. आणि पाय? पाय तर ऐकेचनात! मांडी घातली तरी अंगठे आपले खालीवर, खालीवर. पद्माबाईनं तेवढ्यातही गाणं सोडलं नाही. पेटी मेली की ती आवाज चढवायची, पेटी जिवंत झाली की उतरवायची. बारशाचं लेकरू मात्र ढोलकीच्या धक्क्यानं जे रडायला लागलं, ते पार्टी गाव सोडेपर्यंत रडत होतं.

परतीच्या बसमध्ये ग्यानोबा ढोलकी जळबाच्या पायांपासून लांब धरून बसला. पद्माबाई म्हणाली, "नवी पेटी चांगली हाय हो. गोड हाय. तुमाला सवय व्हईल."

"मंग! मी काय म्हणत होतो?" जळबा खिडकीबाहेर बघत म्हणाला. पायपेटीची आठवण येऊन येऊन त्याचा जीव मात्र अर्धा झाला होता. पण हे बायकोला सांगणार कसं? एवढा हट्ट करून घालवली होती!

लग्न चार दिवसांवर आलं. "कालव्याचं दार बघून येतो," असं सांगून जळबा निघाला, तो सरळ ओढा ओलांडून तांड्यावर.

मोहनसिंगाच्या अंगणात लिंबाखाली पायपेटी उभी होती. तिच्यासमोर बाजेवर बसली होती मोहनसिंगाची आई, नानीबाई. तिच्या कोपरापर्यंतच्या बांगड्या चकाकत होत्या आणि तिचे दोन्ही पाय फळ्यांवर धपाधप पडत होते. हात मांडीवर, नजर ओढ्याकडं आणि पेटीतून तोच एक सूर, 'भ्यांऽऽऽ'!

"काय करून राहिली, माय?" जळबानं घाबरून विचारलं.

"औषध घेऊन राहिले," नानीबाई म्हणाली. "माझे गुडघे आखडले होते. डॉक्टर बोलला, पाय हलवत ऱ्हा. नुसते पाय कोण हलवंल? येड्यावाणी दिसतं. ही पेटी आली आन बराबर झालं! आता बिनकाठीची चालते मी, बघ!"

"आन भजन?"

"भजन कुणाला वाजवता येतंय?" मोहनसिंग आतून म्हणाला. "ही माय, आमची याडी, उठतच न्हाई पेटीवरून!"

एवढ्यात ओढ्याकडून शेरडं धावत आली. काळी, पांढरी, कबरी, कान हलवत, एकमेकांना ढकलत! पेटीभोवती त्यांचं कोंडाळं झालं. नानीबाईनं पाय न थांबवता टोपलीतली डाळीची चुनी त्यांच्यापुढं टाकली.

"आवाज वळखतात," ती कौतुकानं म्हणाली. "पयले हाका मारून माझा गळा बसायचा. आता पाय मारला की हजर!"

जळबाला हसू आलं. तेव्हा आलं. मग त्यानं हात जोडले. "माय, लग्नाच्या एका दिवसापुरती पेटी दे. माझी इज्जत हाय तिच्यात."

नानीबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "तुमी दोघं नवराबायको एकमेकांत बोलत न्हाई काय?"

"काहून?"

"काल तुझी बाई येऊन गेली. हेच मागत होती. म्हणे, त्यांचा जीव रमत न्हाई नव्या पेटीत, पण तोंडानं कबूल करणार न्हाईत. त्यांना सांगू नको, म्हणे, मी आल्याचं."

जळबा बाजेच्या कडेवर बसला. नानीबाईनं पुन्हा पाय मारायला सुरुवात केली. "ने एका दिवसासाठी. पण मी संगं येणार. माझं औषध हाय ते."

लग्नाच्या दिवशी सकाळीच पायपेटी शेषरावाच्या मांडवात येऊन उभी राहिली. पद्माबाईनं पेटीकडं पाहिलं, जळबाकडं पाहिलं. जळबानं वर मांडवाच्या छताकडं पाहिलं.

"दार बघून आलात वाटतं कालव्याचं?" ती म्हणाली.

"तू बी येऊन गेलीस म्हणे त्याच दारावर."

दोघंही हसली. मांडवात माणसं भरलेली, म्हणून तेवढ्यावरच भागलं.

दुपारी विधी झाला. वधूवरांवर फुलं पडली. वसमतची मंडळी पांढऱ्या कपड्यांत पुढं बसली. सगळ्यांत पुढं नवरदेवाचे आजोबा, सटवाजीबुवा. वसमतमध्ये कुणाचं गाणं ठेवायचं आणि कुणाचं नाही हे त्यांच्या शब्दावर ठरायचं. एका बाजूला पंगतीसाठी पळसाच्या पत्रावळींची चळत लावलेली. मांडवाला आंब्याचे डहाळे, दारात केळीचे खुंट. जळबा खुर्चीवर बसला, दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले आणि डोळे मिटून पाय मारला.

'भ्यांऽऽऽऽ!'

काय सूर भरला म्हणता! जळबाच्या अंगावर काटा आला. बोटं मोकळी सुटली. ही आपली पेटी! हे आपलं वाजवणं! थोड्या वेळानं मांडवात गलका सुरू झाला. वसमतकरांची दाद! जळबानं जोर वाढवला. कुणीतरी ओरडलं, "अरे, अरे, अरे!" जळबा मनात म्हणाला, हा जाणकार दिसतो. त्यानं आणखी जोर वाढवला.

"थांब रे!" नानीबाईचा आवाज आला. "थांब, पाय थांबव!"

जळबाला ऐकू आलं, "पाय लांबव!" त्यानं लांब लांब पाय मारले.

मग त्याच्या मांडीला काहीतरी ओलं लागलं. त्यानं डोळे उघडले. पेटीच्या पलीकडून एक दाढीवाला बोकड त्याच्याकडं अगदी गाणं ऐकायला बसल्यासारखा बघत होता. बोकडाच्या मागं शेरडं, शेरडांच्या मागं शेरडं! नानीबाईची तर होतीच, पण तिच्या शेरडांना चुनी मिळते हे साऱ्या तांड्याच्या शेरडांना कळलेलं दिसत होतं. काही डहाळ्यांवर दोन पायांवर उभी. काही पत्रावळींच्या चळतीत तोंड घालून. एकीनं केळीचा खुंट मुळासकट आडवा केला होता. दुसरी सटवाजीबुवांच्या रुमालाचं टोक चघळत होती आणि बुवा ते सोडवून घेत होते. नवरदेव बायकोला घेऊन खुर्चीवर चढला होता!

"जळबाऽऽ!" शेषराव पत्रावळींवर आडवा पडून ओरडला. "बंद कर ते!"

जळबा गडबडला. आणि गडबडलेल्या माणसाचे पाय काय करतात? सवयीचं तेच करतात! 'भ्यांऽऽऽ!' ओढ्याकडून उरलीसुरली शेरडंही आली.

शेवटी बोकडानंच निकाल लावला. चुनी कुठं दडली आहे ते बघायला त्यानं पेटीखाली मुंडी घातली आणि शिंग भात्यात घुसवलं. टर्रकन् आवाज झाला. मग लांब 'फुस्सऽऽ'. मग सगळं शांत. माणसं थांबली, शेरडंही थांबली.

"माझं औषध फाडलं!" नानीबाई म्हणाली.

जळबाला वाटलं, कालव्यात उडी घ्यावी. पण उन्हाळ्यात पाणी गुडघ्याएवढंच! त्यानं भीतभीत पद्माबाईकडं पाहिलं. ती पदर तोंडात धरून हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. मग तिनं पदर सोडला, श्वास घेतला आणि पेटीबिटी काही नसताना गायला लागली. भाचीसाठी आत्यानं स्वतः जुळवलेलं गाणं होतं ते, सासरी निघालेल्या पोरीला माहेरच्या एकेका जागेचा निरोप घ्यायला लावणारं. ग्यानोबानं हळूच ढोलकीवर बोटं ठेवली. माणसं होती तिथं बसली. मोहनसिंगानं शेरडं वळवून नेली तीसुद्धा न ओरडता, पायांचा आवाज न करता. नवरीनं डोळे पुसले. शेषराव पत्रावळींवर आडवाच राहिला आणि तसाच रडला.

गाणं संपल्यावर सटवाजीबुवा उठून आले. रुमालाचं टोक ओलं होतं. "बाई, जयंतीला वसमतला या. तुमचंच गाणं ठेवतो." मग जळबाकडं वळले. "आन तुमी पण या. शेरडं मात्र तेवढी घरी ठेवून या."

घरी आल्यावर जळबा नव्या हातपेटीसमोर बसून राहिला. जुनी पेटी तांड्यावर गेली होती. भाता शिवून द्यायचं कबूल केलं होतं, पण ती आता नानीबाईचीच. गुडघ्यांपुढं गाण्याचं काय चालणार?

"तू एकटीच जा वसमतला," तो म्हणाला. "पेटी लागतच न्हाई तुला. आज साऱ्यांनी पाहिलं."

पद्माबाई त्याच्या शेजारी येऊन बसली. "लागत न्हाई ते खरं," ती म्हणाली. "पण तुमी बाजूला नसले तर मला करमत न्हाई, त्याचं काय करायचं?" तिनं हात लांब करून पेटीचा भाता धरला आणि हलवायला लागली. "ठेवा तुमचे दोन्ही हात पट्ट्यांवर. वारा मी घालते."

जळबानं दोन्ही हात ठेवले. बोटं मोकळी सुटली. ती भाता हलवत गायला लागली आणि नवी पेटी अशी बोलली, की शेजारची रुख्मिणीबाई चुलीवरचं कालवण टाकून दारात आली.

हातपेटी ठेवायची हे त्या संध्याकाळी ठरलं. जयंतीपर्यंत रोज सराव झाला. जळबाचे पाय गप्प राहावेत म्हणून त्यांच्यावर उशी ठेवली, एवढंच.

वसमतला मैदान भरलं होतं. पद्माबाई एका हातानं भाता हलवत गात होती, जळबा डोळे मिटून दोन्ही हातांनी वाजवत होता. शेवटच्या गाण्याला टाळ्या थांबेनात. सटवाजीबुवा मंचावर आले, त्यांनी दोन्ही हात वर केले.

"मंडळी," ते म्हणाले, "अशी बाई मी पाहिली न्हाई! गाणं बी तीच गाती आन पेटी बी तीच वाजवती!"

मग त्यांनी जळबाकडं वाकून, फक्त त्यालाच ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं, "पावणे, बाई एवढं करून राहिल्या, आन तुमी काहून मधीमधी बोटं घालून राहिले?"