पिन तीनदाच

आमचे वामनदादा कॉम्प्युटरला कान लावतात. खरोखर लावतात. कार्ड रीडरची वायर जोडली की 'टुंग' असा बारीक आवाज येतो. तो ऐकण्यासाठी ते आधी पंखा बंद करतात, मग आमची तोंडं.

शहापूरच्या आमच्या ऑफिसात डिजिटल सहीची कामं चालतात. रीडरमध्ये कार्ड घालायचं, पिन टाकायचा, की कुलूपबंद फाइल उघडते. नाही उघडली, तर रोज मुरबाडहून एसटीने येणारे दादा आहेतच. "घाई नाय करायची. पिन तीनदाच!" हे त्यांचं पालुपद. त्यांनी लिहिलेल्या स्क्रिप्ट, म्हणजे मशीनला द्यायच्या सूचनाही, त्यांच्यासारख्याच बोलतात. चूक झाली की पडद्यावर उमटतं, "कार्ड उलटा घातलास रे." एकदा साहेबांनाच असं अरेतुरे झालं. दादा शांत. "मशीनला काय ठाव, साहेब कोण!"

मध्यंतरी डोळखांबच्या सुमनबाई नवऱ्याचा लॅपटॉप आणि कार्ड घेऊन आल्या. नवरा, म्हणजे शाळेतले गुरुजी, नुकतेच वारले होते. पाड्यापाड्यांवर फिरून त्यांनी म्हाताऱ्या बायकांची गाणी रेकॉर्ड केली होती, आणि कुणी परस्पर उचलू नयेत म्हणून सगळी कुलपात ठेवली होती. बाईंचा पिन दोनदा चुकला. मग भाच्याने लॅपटॉप 'अपडेट' केला आणि फोल्डर पिनसुद्धा विचारेना.

"अजून एकदा चुकला तर कार्ड कायमचा बंद," दादा म्हणाले. "कोणी हात नाय लावायचा."

दोन दिवस ते गुरुजींच्या कुलपाची स्क्रिप्ट वाचत बसले. शेवटी सापडलं. अपडेटनंतर रीडरचं नाव बदललं होतं, आणि स्क्रिप्ट बिचारी जुन्याच नावाने हाका मारत होती. दादांनी एक ओळ बदलली. पिनचा चौकोन आला. पण पिन कोण सांगणार?

बाईंना बोलावलं.

"काय काय घातलात?"

"आधी त्यांची जन्मतारीख. मग लग्नाची."

"नि तुमची?"

"माझी?" बाई हसल्या. "माझा वाढदिवस त्यांच्या कधी ध्यानात राह्यलाय? एकदा पण नाय."

दादांनी कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला. "एकच राह्यलाय. तुमीच ठरवा, बाई."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. मग एकेक आकडा दाबला.

फोल्डर उघडलं. पहिल्याच फाइलीत गाण्याआधी गुरुजींचा आवाज आला, "म्हणा आजी, मी ऐकतोय." सुमनबाईंनी पदर तोंडाला लावला.

दादा उठून बाहेर गेले. मी चहा घेऊन मागोमाग गेलो, तर पायरीवर बसलेले.

"आपला वाढदिवस असा कोणाच्या पिनात नाय बघ," ते हसत म्हणाले.

"कधी असतो तुमचा?" मी विचारलं. नऊ वर्षं शेजारच्या खुर्चीत बसून पहिल्यांदाच विचारलं.

"शाळेत एक जून लावलाय." त्यांनी चहावर फुंकर मारली. "खरा माझ्या आईला म्हायत होता. मी कधी विचारलाच नाय."