उजव्या पायाची हरकत

ट्रायथलॉनची सायकल विकत घ्यायची तर दोन्ही पायांची लेखी संमती जोडावी लागते. माझ्या डाव्या पायाने ती अर्जाच्या दिवशीच दिली. उजव्याने हरकत घेतली.

साध्या सायकलीला हा नियम नाही. तिथे पाय खाली टेकता येतात, विचार बदलता येतो. ट्रायथलॉनमध्ये आधी पोहायचं, मग लगेच सायकल, मग लगेच पळायचं. हात पोहून मोकळे होतात, डोक्याला तर फारसं कामच नसतं. पायांना मात्र शेवटपर्यंत सुटका नाही. तेव्हा निदान त्यांना विचारावं, असा सरकारचा सरळ विचार आहे. मलाही तो पटतो. मला सगळ्यांचेच विचार पटतात, हीच माझी अडचण आहे.

सायकल मिरज रस्त्यावर नायकवडींच्या दुकानात होती. गडद निळी. हँडलवर कोपरं टेकायला दोन छोट्या गाद्या, आणि त्यांच्या पुढे धरायला दोन शिंगं. आठवडाभर मी रेवाला बाबागाडीत घालून रोज 'सहज' तिकडे जात होते. रेवा चौदा महिन्यांची आहे. चाक फिरवून दाखवलं की ती टाळ्या वाजवायची, आणि माझ्याही पोटात कुणीतरी टाळ्या वाजवायचं.

"ताई, तुमच्या मापाची ही एकच आहे," नायकवडी म्हणाले. "शुक्रवारपर्यंत ठेवतो. शनिवारी विट्याच्या एक मॅडम येणार आहेत. त्यांच्या दोन्ही पायांच्या सह्या तयार आहेत."

विट्याच्या मॅडमचा मला तिथल्या तिथे राग आला.

अवयव संमती कक्ष बाजारामागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. पायांचं निम्मं मत जिन्यातच तयार होत असणार. तिथले कारकून कवठेकर. नाकावर चष्मा, आवाज गुळगुळीत.

"चपला बाहेर. पाय मोकळे सोडा," ते म्हणाले. "तुम्ही भिंतीकडं बघायचं, ताई. खाली बघायचं नाही. दबाव येतो त्यांच्यावर."

पाय बोलत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते लिहून देतात. दोघांच्या मध्ये गुडघ्यापासून खाली पडदा सोडतात, म्हणजे एकमेकांचं बघून लिहिता येत नाही. प्रत्येकाला एक कागद, एक पेन्सिल.

डाव्याचं अर्ध्या मिनिटात झालं. त्याने लिहिलं होतं, 'हो!!!'

"उद्गारचिन्ह एकच धरतो," कवठेकर म्हणाले. "बाकीची दोन खोडा." डाव्याच्या अंगठ्याने दोन खोडली.

उजव्याला वीस मिनिटं लागली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या सगळ्या एकादश्या मोजल्या. शेवटी कवठेकरांनी कागद उचलून वाचला. "हरकत आहे. कारण सुनावणीत सांगेन."

"म्हणजे?"

"म्हणजे गुरुवारी या. तोवर त्याच्याशी ह्या विषयावर बोलायचं नाही. आणि तेल लावून चोळायचं वगैरे नाही हं. ते आम्ही लाच धरतो."

घरी निनाद म्हणाला, "मला काहीच अडचण नाही. शेवटी निर्णय तुझ्या पायांचा आहे." माझ्या नवऱ्याला कुठल्याच गोष्टीची अडचण नसते. अशा माणसाशी भांडायचं तरी कुठून सुरू करायचं?

सासूबाई मेथी निवडत होत्या. "आमच्या वेळी पायांना कोण विचारत होतं, केतकी! सही सासरे करायचे. माझ्या पायांना घाटावर पोहायला जायचं होतं, हे मला साठीला कळलं."

"मग, आई?"

"मग काय. तोवर गुडघे फुटून वेगळे निघाले होते. त्यांची फाईल वेगळी." त्यांनी एक काडी बाजूला टाकली. "अर्जात कारण काय लिहिलंस?"

"तब्येत."

"हं," त्या म्हणाल्या, आणि पुढची जुडी सोडली.

ते तीन दिवस मला जमिनीवर चालल्यासारखं वाटलंच नाही, निदान डाव्या बाजूने तरी नाही. पोळ्या लाटताना तो ओट्याखाली ठेका धरायचा. सकाळी नदीवर पोहायला गेले तर तो दुप्पट जोराने पाणी मारत होता, त्यामुळे मी एकाच जागी गोल गोल फिरत राहिले. काठावरचे एक आजोबा हे बराच वेळ बघत होते. "नवीन प्रकार आहे वाटतं," ते म्हणाले. मी हो म्हटलं. उजवा आपला नेहमीसारखा. अंगठ्याला दोरी बांधून रेवाचा पाळणा हलवायचा, आणि गप्प. मला वाटलं, पाळण्याचंच काहीतरी असणार त्याचं. पोर टाकून कुठे निघाली, असं. माझीही तीच हरकत होती. तो पाय माझाच असल्याने मला त्याचं फारसं नवल वाटलं नाही.

गुरुवारी कवठेकरांनी पडदा सोडला, आणि उजव्याने लिहून दिलेलं उभं राहून वाचलं.

"अर्जदार बाईंनी कारणाच्या रकान्यात 'बाळंतपणानंतरची तब्येत, डॉक्टरांच्या सल्ल्याने' असं लिहिलं आहे. दवाखान्यात मी हजर होतो. डॉक्टर असं काही बोलले नाहीत. याआधी बाईंनी जर्मनचा वर्ग नोकरीसाठी लावला, सतार मन शांत राहावं म्हणून. दोन्हीकडे चालत मीच गेलो. पंधरा दिवसांत कारण संपतं आणि परतही मलाच यावं लागतं. पाळणा मी हलवतो, त्याबद्दल तक्रार नाही. सायकलीलाही माझी ना नाही. पण खोट्या कारणावर मी पॅडल मारणार नाही."

माझे कान तापले. बाकावर बसलेल्या दोन बायका पिशव्या चाचपायला लागल्या.

"खरं आहे का, ताई?"

"डॉक्टर म्हणाले होते," मी म्हटलं, "की आता तुम्ही चालायला हरकत नाही."

"ते घरी चला म्हणाले असतील." कवठेकरांनी अर्ज माझ्यासमोर सरकवला. "कारण दुरुस्त करता येतं. एकदाच. चुकलं तर अर्ज निकाली, पुढचा सहा महिन्यांनी."

सहा महिन्यांनी ती निळी सायकल विट्यात असणार होती. मी पेन हातात घेतलं.

"रेवासमोर आदर्श राहावा म्हणून, असं लिहू?" मी हळूच विचारलं.

पडद्यामागे पेन्सिल खाली ठेवल्याचा आवाज आला.

"नको म्हणतोय," कवठेकर म्हणाले.

"निरोगी जीवनशैली?"

पेन्सिल फरशीवरून घरंगळत कपाटाखाली गेली. कवठेकरांनी वाकून ती काढली, पुसली, परत दिली. "ताई, चिडलाय तो. जरा सांभाळून."

मी भिंतीकडे बघितलं. खरं सांगायचं तर मला त्या दोन शिंगांना धरून, कोपरं टेकून, मान खाली घालून इतक्या जोरात जायचं होतं की मागून कुणी हाक मारली तरी ऐकू येऊ नये. रेवानेसुद्धा. जास्त नाही, तासभर. हे वाक्य मनात आलं तेव्हा मला इतकी लाज वाटली आणि इतका आनंद झाला की दोन्ही एकाच जागी मावेनात.

मी जुनं कारण खोडलं आणि लिहिलं, 'हौस'. हे काम हाताने केलं. त्याला कुणी विचारलंच नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं.

"हौस," कवठेकरांनी मोठ्याने वाचलं. बाकावरच्या बायकांचं चाचपणं थांबलं.

"चालतं असं कारण?"

"चालतं की. नियमात पहिलंच आहे. कुणी लिहीत नाही म्हणून रकाना बारीक केलाय."

पडद्यामागे पेन्सिल सरसर चालली. उजव्याची सही माझ्या सहीपेक्षा चांगली निघाली. कवठेकरांनी शिक्का मारला, फुंकर घातली, पडदा गुंडाळला. मी उठायला गेले, तर पाय नव्हते. ते जिन्यात पोचले होते.

"असं होतं," कवठेकर म्हणाले. "एकदा हो म्हणाले की थांबत नाहीत." त्यांनी आणि बाकावरच्या दोघींनी मला उचलून खाली आणलं आणि रिक्षात ठेवलं. त्यातली एक जाताना म्हणाली, "मी शिलाई मशीनसाठी आलेय. मुलीच्या फ्रॉकांसाठी असं लिहिलंय. बदलते आता." आणि ती जिना चढायला लागली.

"दादा, मिरज रस्ता. जरा जोरात," मी रिक्षावाल्याला म्हटलं. "माझे पाय पुढे गेलेत."

"बघितले की मघाशी, चौकात. सिग्नलला पण थांबले नाहीत." त्याने किक मारली. "एक लई पुढं होता. डावा का ओ?"

मी बाहेर डोकावून पाहिलं. पार लांब, रसवंतीच्या वळणावर, तो दिसला.

"नाही," मी म्हटलं. "उजवा."

मी दुकानात पोचले तेव्हा दोघंही पॅडलवर होते आणि नायकवडी सीटची उंची लावत होते.

"या ताई," ते मान वर न करता म्हणाले. "खालचं माप झालं. आता वरचं घेऊ."