खाडीचं पाणी मोजणारे आप्पा

आमच्या शेजारच्या भिकाआप्पांसमोर ‘आज फार उकडतंय’ असं म्हणायची सोय नाही. “कितलं? कोनी मोजं?” असं लगेच विचारतात आणि खिशातून थर्मामीटर काढतात. एकदा माझ्या साडूने, पोरगा फार हुशार आहे, असं स्वतःच्या मुलाचं कौतुक केलं. आप्पांनी गंभीर चेहऱ्याने विचारलं, “कोनापेक्षा?” तेव्हापासून साडू गल्लीच्या तोंडाशी थांबून मला फोन करतो आणि आप्पा ओट्यावर नाहीत याची खात्री करूनच आत येतो.

आप्पा मूळचे धुळ्याकडचे. उभा जन्म इथे परराज्यात, बमरोलीतल्या डाइंग मिलमध्ये रंग कालवण्यात गेला. चिमूटभर रंग इकडचा तिकडे झाला की अख्खा लॉट बाद, हे अंगात मुरलेलं. निवृत्तीनंतर रंग सुटले, मोजणं काही सुटलं नाही. खाडी भरून गल्लीत पाणी शिरलं की आम्ही सामान माळ्यावर चढवतो, आणि आप्पा फूटपट्टी घेऊन ओट्याच्या खालच्या पायरीवर उभे असतात. प्रत्येक वेळचा आकडा वहीत.

मध्यंतरी पालिकेच्या मनात आलं, की पूर आला की आधी कुठली गल्ली रिकामी करायची हे कॉम्प्युटरच्या मॉडेलवरून ठरवावं. एक तरुण इंजिनिअरबाई माहिती द्यायला आल्या. आप्पा आडवे आले.

“मॉडेल ठीक शे. पन मझार काय टाकं?” आत कुठले आकडे घातले ते आधी सांगा, असा त्यांचा सवाल.

बाई चिडल्या नाहीत, हे आमचं नशीब. “काका, सब लिखकर लगा दूँगी,” म्हणाल्या. आप्पांची वहीही मागून नेली.

आणि खरंच, अंगणवाडीच्या भिंतीवर नकाशा लागला, शेजारी कागद. कुठला आकडा कुणाकडून आला, कशावर किती भरवसा ठेवायचा, सगळं त्यात होतं. एका ओळीत तर ‘हे आम्हाला माहीत नाही’ असं लिहिलेलं! सरकारी कागदावर असं वाक्य मी जन्मात पहिल्यांदा वाचलं. आमच्या गल्लीचे आकडे आप्पांचे, नावानिशी. त्यांच्या हिशेबाने आमच्याकडे पाणी दरवेळी कमीच होत चाललेलं. म्हणून गल्ली हिरवी, हलवायची सगळ्यांत शेवटी. लोकांनी पेढे वाटले. माझी आई अर्धांगवायूने तळमजल्यावर खाटेला खिळलेली. मलाही हायसं वाटलं.

आप्पा मात्र त्या कागदावर ‘खालच्या पायरीपासून मोजलेलं’ या ओळीवर बोट ठेवून थबकले. मग घरी आले, पहार घेतली आणि ओट्यापुढचा रस्ताच उकरायला लागले. बायका दारात आल्या, आप्पांचं डोकं फिरलं म्हणाल्या. वीतभर खाली एक पायरी निघाली. तिच्याखाली आणखी एक.

रस्ता दर दुरुस्तीला उंच होत गेला, एकेक पायरी गाडली गेली, आणि आप्पा इमानेइतबारे ‘खालच्या पायरीपासून’ मोजत राहिले. पाणी कमी झालंच नव्हतं.

वॉर्डाच्या सभेत सगळ्यांनी त्यांना डोळ्यांनी दटावलं. हिरव्या गल्लीतल्या घराला गिऱ्हाईक बरं मिळतं ना! पण आप्पा उठलेच. “चूक मनी शे. नकाशा बदला.” मान खाली, आवाज मात्र खणखणीत.

बाई हसल्या. “काका, कागज़ लगाया था, इसीलिए तो गलती मिली.”

गल्ली लाल झाली. आता आम्हाला सगळ्यांत आधी हलवणार. लोकांनी आठवडाभर आप्पांशी अबोला धरला. मी मात्र आईसाठी त्यांचे आभार मानायला गेलो.

वही समोर उघडी होती. आकड्यांच्या मागच्या पानांवर गल्लीतली माणसं. ‘शांताबाई, गुडघे, एक माणूस लागेल.’ ‘मास्तरची आई, खाटेसकट, चार माणसं.’ मास्तर म्हणजे मी. कुणाच्या घरात पाणी कुठवर आलं की कुणाला उचलायचं, सगळं लिहून ठेवलेलं. शेवटची ओळ होती, ‘भिका. एकटा. कोनी नको.’

मी पेन काढलं, ‘कोनी नको’ खोडलं आणि पुढे लिहिलं, ‘मास्तर येईल.’

आप्पांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा धोतराच्या सोग्याने पुसत राहिले.

“मी जड शे रे, मास्तर,” एवढंच म्हणाले, आणि दोघांचा चहा टाकायला आत गेले.