परिचय करून देतील : रहाटे सर

रहाटे सर पहिल्या भेटीत कुणाला नाव विचारत नसत. नमस्कार झाला, पाहुणा खुर्चीत टेकला, की ते जरा पुढे वाकून विचारत, “तुमच्या मागल्या दारी काय आहे हो?”

समोरचा गोंधळे. काहींना हा प्रश्न खासगी वाटे, काहींना तर अपमानकारक. मग सर समजावून सांगत. “पुढलं दार सगळेच सांगतात. पदवी, पद, पुरस्कार. ती रांगोळी झाली. माणूस वाढतो मागल्या दारी.” कोकणात वाढलेल्याला यापुढे काही सांगावं लागत नसे. न्हाणी, धुण्याचा दगड, केळीचा ठोंब, उन्हात घातलेली कोकमाची सोलं, विरजण मागायला आलेली आणि डोळे पुसून परत गेलेली शेजारीण, असं सगळं त्याच्या डोळ्यांपुढे येई आणि तो बोलू लागे. सर ऐकत. लिहून कधी घेत नसत.

आमच्या कॉलेजात ते भूगोल शिकवत आणि मी तिथला ग्रंथपाल, म्हणून ते मला ‘वाचकराव’ म्हणत. पण रत्नागिरीत त्यांना ओळखत ते वेगळ्याच कामासाठी. गावात व्याख्यान असो, बक्षीस समारंभ असो की पतपेढीचा वर्धापनदिन, कार्यक्रमपत्रिकेवर एक ओळ ठरलेली असे : ‘पाहुण्यांचा परिचय करून देतील – प्रा. रहाटे’. परिचय म्हणजे इतरांच्या लेखी दोन मिनिटांचा उपचार. नारळ आणि शाल यांच्या मधला. सर मात्र पाहुण्याच्या आजोळापासून सुरुवात करत. पाहुणा तिसरीत जाईपर्यंत अध्यक्षांचा डोळा लागलेला असे. आमचा शिपाई बाळू सभागृहाच्या दारातून कानोसा घेई आणि मागे जाऊन सांगे, “स्टो पेटवू नको रे इतक्यात. पाहुण्यांची मुंज व्हायचीय अजून.”

एकदा पुण्याचे एक विद्वान आले होते. त्यांनी सरांच्या प्रश्नावर थोडं तुटकपणे सांगितलं, “आमच्या फ्लॅटला मागचं दार नाही.” सरांचा चेहरा खरोखर उतरला. संध्याकाळी भरसभेत ते अत्यंत कळवळून म्हणाले, “पाहुण्यांच्या घराला मागलं दार नाही. तशा परिस्थितीतही ते इथवर पोचले.” सभागृहानं टाळ्यांचा कडकडाट केला. विद्वानांना आपलं काय चुकलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पण एक बँक अधिकारी बचतीवर बोलायला आले होते, तेव्हाचं मला विसरता येत नाही. सरांनी परिचयात त्यांच्या आईचा सुपारी कातरतानाचा आवाज सांगितला. फक्त आवाज. अधिकारी उठले, माइकपाशी आले, चष्मा काढला आणि पाच-सात वाक्यं बोलून खाली बसले. बचतीचा विषय राहूनच गेला. परत जाताना सरांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, “आईला जाऊन वर्ष झालं. कुणी विचारलंच नव्हतं हो.”

या परिचयासाठी सर पाहुण्याला दुपारी घरी नेत. गावातल्याच परटवण्याला त्यांचं कौलारू भाड्याचं घर होतं. पत्नी लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारली होती, मूलबाळ नव्हतं. भाऊ मुंबईत, तो मे महिन्यात यायचा तो लांज्याकडे गावी, इथं नाही. सर स्वतः घावने घालत आणि नारळाच्या रसाबरोबर पाहुण्याला वाढत. “उपाशी माणूस गाव नीट सांगत नाही,” असं त्यांचं मत होतं. त्या घरात तेवढ्या दुपारीच काय तो दुसरा आवाज असे. हे आम्हाला दिसत होतं, पण आम्ही ते हसण्यावारी नेत होतो.

पंच्याऐंशी सालाच्या आसपास आमच्या कॉलेजात एक अद्भुत घडलं. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी परिषद भरली. जगापुढचे प्रश्न हा विषय. पुण्या-मुंबईत शिकणारे चार परदेशी विद्यार्थी बोलायला येणार होते. प्राचार्यांनी मैदानावर मुरूम टाकून घेतला, व्यासपीठामागे जगाचा नकाशा लावला आणि रहाटे सरांना केबिनमध्ये बोलावलं. मी टंकलिखित माहितीपत्रकं घेऊन उभा होतो.

“रहाटे, प्रत्येकी दोन मिनिटं. हे कागद आलेत, एवढंच वाचायचं.”

सरांनी कागद वाचले आणि टेबलावर परत ठेवले. “साहेब, हे रेशनकार्ड झालं. पोरं एवढ्या लांबनं आलीत. कुठून आलीत ते कळल्याशिवाय ती काय सांगतात ते आम्हाला कसं कळायचं?”

“अहो, जगाचा प्रश्न आहे हा. तुमचं मागलं दार नको त्यात.”

“जगालासुद्धा असेलच की एखादं,” सर म्हणाले.

प्राचार्य हसले, आणि हसले की ते हरत. परिषदेच्या आदल्या दिवशी चारही पाहुणे परटवण्याला घावने खायला आले. सरांचं इंग्रजी पुस्तकी, म्हणून मला बरोबर घेतलं होतं. तसं माझंही पुस्तकीच.

जपानी मुलीच्या घरामागे तिच्या आजोबांनी लावलेलं फळझाड होतं आणि त्याचं शेवटचं फळ ते पाखरांसाठी झाडावरच ठेवत. सर एकदम म्हणाले, “आमच्याकडेसुद्धा फणस उतरताना ठेवतात एखादा!” घानाच्या मुलानं आई आणि मावशी समोरासमोर उभं राहून कसं कांडतात ते उठून दाखवलं. सरांनी कोपऱ्यातलं मुसळ त्याच्या हातात दिलं. जर्मन मुलीच्या घरामागे रेल्वेचं यार्ड होतं. रत्नागिरीत तेव्हा रेल्वे नव्हती, त्यामुळे सरांनी तिला रुळांविषयी इतकं विचारलं की ती घावन खायचंच विसरली.

चौथा उंच, शांत मुलगा होता. त्याच्या माहितीपत्रकावर नाव आणि विषय एवढंच होतं. देशाचं नाव मी इथं लिहीत नाही आणि तो कशावर बोलला तेही सांगत नाही. सरांनी त्याला प्रश्न विचारला. त्याचे ओठ उघडले. क्षणभर तो अगदी लहान दिसला. मग त्यानं ताट बाजूला सारलं आणि आम्हा दोघांना अंगणात यायची खूण केली.

तिथं तो हळू आवाजात बोलला. कागदावरचं नाव त्याचं नव्हतं. त्याच्या देशातले सरकारी लोक त्याला शोधत होते आणि त्याची आई अजून तिथंच होती. परदेशात बोलणारा हा मुलगा कुणाचा ते त्यांना कळलं, तर आधी ते तिच्या दारात जाणार होते. गाव, नदी, घरामागचं झाड, अशाच गोष्टींवरून माणूस सापडतो, असं तो म्हणाला. आणि आपण लपून आहोत हेसुद्धा कृपा करून सांगू नका, असंही त्यानं विनवलं. त्याचीच बातमी होते.

ते खरंच होतं. आमच्या गावच्या साप्ताहिकाचे वार्ताहर पहिल्या रांगेत बसून सरांचा शब्दन्‌शब्द उतरवत. परिषदेला तर मुंबईच्या वर्तमानपत्राचा माणूसही येणार होता.

पाहुणे गेल्यावर सर ओटीवर बसून राहिले. मी म्हटलं, “सर, काहीतरी बेतून सांगा. एखादी नदी, चार झाडं. कुणाला कळणार आहे?”

“खोटं गाव देऊ पोराला? वाचकराव, दुसऱ्याचं उष्टं वाढण्यातला प्रकार झाला तो.”

“मग कागद वाचा.”

“तिघांचं आजोळापासून सांगायचं आणि याचा कागद वाचायचा? पहिल्या रांगेत लगेच पेन उचलतील. यालाच का वगळलं म्हणून.” मग म्हणाले, “मी विसरतो.”

“तुम्ही?”

“का? माणूस विसरत नाही? साठीला आलोय.”

त्याचा अर्थ काय होतो ते आम्हा दोघांना माहीत होतं. पन्नास पाहुण्यांची गावं न लिहिता लक्षात ठेवणं हीच या माणसाची गावातली पत होती, आणि ती सगळ्या गावासमोर मोडायची होती. मी तसं म्हटलंही. सर म्हणाले, “त्याच्या आईचं घर मोडण्यापेक्षा बरं.”

दुसऱ्या दिवशी सभागृह खचाखच भरलं होतं. आजूबाजूच्या गावांतले शिक्षक आले होते, पाठीमागे मुलं खिडक्यांत बसली होती. सर रंगात होते. जपानी आजोबांचं फळ ऐकून बायका हळहळल्या, कांडपाचं वर्णन ऐकून हशा पिकला, रेल्वेचे रूळ तर त्यांनी हातवारे करून यार्डभर पसरले. ते त्यांचे सर्वात चांगले परिचय होते असं मला आजही वाटतं. किंवा मला माहीत होतं म्हणून तसं वाटलं असेल.

मग चौथा. सर माइकपाशी उभे राहिले. “हे आपले चौथे पाहुणे,” ते म्हणाले आणि थांबले. खिसे चाचपले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. नाटकात त्यांनी कधी काम केलं नव्हतं, हे बरंच होतं, कारण ते सगळं फार वाईट केलेल्या नाटकासारखं दिसत होतं आणि म्हणूनच खरं वाटलं. “मला… काल सांगितलं होतं यांनी. आता आठवत नाही.”

मग खिडकीतून एक मुलगा ओरडला, “सर, मागलं दार!” आणि हास्याचा लोट उठला. कुणी बाक वाजवले. घानाचा मुलगासुद्धा काय चाललंय ते न कळून हसला. प्राचार्य धावत माइकपाशी आले, त्यांनी क्षमा मागितली, सरांच्या दंडाला धरून त्यांना खुर्चीपर्यंत नेलं. तो उंच मुलगा एकटाच हसत नव्हता. बोलायला उठताना तो सरांच्या खुर्चीवरून मुद्दाम वळसा घेऊन गेला.

तो छान बोलला. साप्ताहिकात त्यावर दोन ओळी आल्या आणि रहाटे सरांच्या विस्मरणावर अख्खी चौकट.

प्राचार्य वाईट माणूस नव्हते. त्यांनी सरांना केबिनमध्ये चहा पाजला आणि म्हणाले, “रहाटे, खूप केलंत. आता जरा विश्रांती घ्या.” त्यानंतर पत्रिकेवरच्या त्या ओळीत वाणिज्य विभागाच्या एका तरुण प्राध्यापकाचं नाव येऊ लागलं. तो कागद वाचे. दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटं. बाळूला चहा वेळेवर टाकता येऊ लागला. पाहुणे थेट विश्रामगृहावर उतरू लागले, जेवणही तिकडेच. परटवण्याला कुणाला नेण्याचं कारण उरलं नाही.

सर कार्यक्रमाला येत आणि मागच्या रांगेत बसत. येता-जाता लोक विचारत, “काय सर, आठवतंय ना घरचा रस्ता?” सर म्हणत, “अजून आठवतोय.” मी एकदा चिडून म्हटलं, की निदान प्राचार्यांना तरी खरं सांगू या. सर म्हणाले, “ती बाई आहे तिथं. आपण काय, इथंच आहोत.” रविवारी मी त्यांच्याकडे जात असे. ते घावने घालत, पण मला मागलं दार विचारण्यात काही अर्थ नव्हता, ते त्यांना केव्हाच पाठ होतं. मग आम्ही बराच वेळ नुसते बसून असू.

गेल्या पावसाळ्यात सर वारले. शोकसभा त्याच सभागृहात झाली. बोलणाऱ्या प्रत्येकानं परिषदेचा तो किस्सा सांगितला, प्रेमानंच सांगितला, आणि लोक डोळे पुसता पुसता हसले. शेवटी एक जण म्हणाले, “तेव्हापासूनच त्यांची स्मृती उतरणीला लागली होती.” मी उठलो नाही. ती बाई आज आहे की नाही, कुणाला ठाऊक. इथं मी नाव, देश, विषय, सगळं गाळून लिहिलं आहे. एवढ्याला सरांची हरकत नसावी.

शोकसभेत बसल्या बसल्या मला परिषदेनंतरची दुपार आठवत होती. पाहुणे सकाळच्या एसटीनं मुंबईला गेले होते. मी सरांना सोबत म्हणून ओटीवर बसलो होतो, तर फाटकाशी तो उंच मुलगा. तो एसटीत चढलाच नव्हता, संध्याकाळच्या गाडीनं जाणार होता. सर आत गेले आणि त्यांनी तवा ठेवला. मुलगा त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेला. मी उठू लागलो, तेव्हा सरांनी दारातून हातानंच मला ‘तू बस’ अशी खूण केली.

मी बाहेर बसून राहिलो. आतून त्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. तो सलग बोलत होता. मध्ये एकदा मोठ्यानं हसला. मग बराच वेळ अगदी हळू बोलला. सर त्यांच्या पुस्तकी इंग्रजीत एखादा प्रश्न विचारत, आणि तो पुन्हा सुरू होई. ऊन फाटकापर्यंत सरकलं.

तो गेल्यावर सर ओटीवर येऊन बसले. त्यांचे डोळे लाल होते, चुलीच्या धुरानंही असतील. मी विचारलं, “काय सांगितलं त्यानं?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. कुणाचंही गाव ऐकलं की ते साऱ्या गावाला सांगितल्याशिवाय ज्यांना चैन पडत नसे, ते रहाटे सर पंच्याची घडी घालत म्हणाले, “बरंच.”