हरणाच्या परवान्यावरची बंदूक

निजामाच्या राज्यात, फसली सन १३५२ च्या आश्विनात, रानडुकरांनी बेंबळीच्या महांतप्पांचा भुईमूग उकरून खायला सुरुवात केली. डुकरांनी त्यासाठी कुणाचा परवाना घेतला नव्हता, हे सुरुवातीलाच नमूद केलेलं बरं. त्या एका तुकड्यावर धाकट्या मुलीचं लग्न ठरायचं होतं. महांतप्पांनी डबे वाजवले, शिव्या दिल्या, बुजगावण्याला स्वतःचा जुना कोट घातला. डुकरं कोटाशेजारी बसून जेवली.

"एक बंदूक घ्यावं म्हनतो," महांतप्पा बायकोला म्हणाले.

जगदेवीनं तव्यावरची भाकरी उलटली. "गळ्यात लिंग अन् हातात बंदूक?"

"मारायचं कुठं हाय? नुसता बार काढायचा. आवाजानंच पळत्यात."

कळंबच्या बाजारात एक उस्ताद जुन्या बंदुका दुरुस्त करून विकत. पहिल्यांदाच बंदूक घेणारा माणूस त्यांना चालण्यावरून ओळखू येई. "काडतुसाचीकडं बघू बी नका अप्पा," ते म्हणाले. "काडतूस आणायला हैदराबाद गाठावं लागतंय. ठासणीची घ्या. नळीत दारू घाला, चिंधी घाला, गजानं ठासा, टोपी बसवा, घोडा वढा. झालं."

बाजेवर तीन बंदुका होत्या. पहिलीच्या दस्त्यावर चांदीची वेलबुट्टी होती. "ही भिंतीसाठी," उस्ताद म्हणाले. दुसरी महांतप्पांपेक्षा उंच होती. "ही जहागीरदाराची. उचलायला गडी वेगळा लागतो." तिसरीचा दस्ता तांब्याच्या तारेनं बांधलेला होता. उस्तादांनी तिच्या नळीत महांतप्पांना फुंकर मारायला लावली. फुंकर मागच्या भोकातून बाहेर आली. "म्हंजे दारू पेटणार. दिसायला गरीब हाय, आवाज मात्र खानदानी."

"हीच द्या मग."

"परवाना?"

महांतप्पा शेजारच्या उत्तरेश्वरला सोबत घेऊन तहसिलीत गेले. तिथले पेशकार, म्हणजे तहसीलदारसाहेबांचे कारकून, साहेबाचं मन साहेबाच्या आधी ओळखण्यासाठी तालुक्यात नावाजलेले होते.

"बंदूक कशाला?"

"रानडुकरं हाकलायला, मालक."

"हाकलण्यासाठी परवाना मिळत नाही. शिकारीसाठी मिळतो, नाहीतर खानदानी इतमामासाठी. आजोबांकडं बंदूक होती?"

"आजोबांकडं म्हैस व्हती."

"मग शिकार."

"पन आमी लिंगायत. मारत न्हाय, खात न्हाय."

"तो तुझा घरगुती मामला. दप्तराच्या लेखी तू शिकारी. यापूर्वी काय मारलंस?"

"बंदूक न्हाय म्हनून तर आलो."

"बंदूक असल्यावर कुणीही मारतो," पेशकार शांतपणे म्हणाले. "लायकी बंदुकीच्या आधीची लागते."

तेव्हा उत्तरेश्वर पुढं झाला. महांतप्पांनी काठीनं हरीण लोळवलेलं आपण डोळ्यांनी पाहिल्याची साक्ष त्यानं दिली, आणि मैत्रीखातर त्यात आणखी दोन हरणं घातली. पेशकार प्रसन्न झाले.

"मग जनावर हरीणच लिहू. डुक्कर लिहायचं नाही. कागद तहसीलदारसाहेबांपुढं जाणार. हे नाव त्यांच्या नजरेला पडलेलं चालेल का?"

साहेबांना कुणी विचारलं नव्हतं. साहेबांना विचारण्याची वेळ येऊ नये यासाठीच पेशकार असतात.

"बेंबळीत हरीण न्हाय, मालक."

"उत्तमच. गैरवापर होण्याची भीती नाही."

अशा रीतीनं बेंबळीत हरणाच्या शिकारीची बंदूक आली. पहिल्या बाराला डुकरं पळाली. महांतप्पा आठवडाभर निवांत झोपले.

मात्र तोवर कागदाची खबर बाकीच्या खात्यांना लागली होती. बेंबळीत सरकारमान्य शिकारी आहे, म्हणजे हरणं असणार, आणि हरणं असल्यावर दौरा काढणं कर्तव्यच होतं. आधी महसुलाचे गिरदावर आले. मग आबकारीवाले आले, त्यांच्या मागून जंगलखातं आलं. मुक्काम अर्थातच महांतप्पांच्या घरी. हरीण मिळेपर्यंत परत जायचं नाही असं ठरत असे, आणि हरीण नसल्यामुळं मुक्काम लांबत असे. रोज संध्याकाळी साहेबलोक महांतप्पांच्या बंदुकीनं तित्तर पाडत. ज्या घराच्या उंबऱ्याआत कधी अंडं आलं नव्हतं, त्या घराच्या गोठ्यामागं जगदेवीला वेगळी चूल मांडावी लागली.

घोडी भुईमुगात बांधली, कारण जागा सपाट होती. घोड्यांना भुईमुगाचा वेल मानवतो. हाका घालून जनावर उठवायला वेठीला धरलेल्या गड्यांनी उरलेल्या शेंगा भाजून खाल्ल्या, कारण वेठीच्या गड्याला जेवण देण्याची पद्धत नव्हती.

शेवटी पेशकारांना घेऊन तहसीलदारसाहेब जातीनं आले. उघड्या रानाकडं बघत त्यांनी सहज विचारलं, "इथं डुकरांचा फार त्रास होता म्हणे?"

पेशकारांना ठसका लागला.

"आता येत न्हाईत, साहेब," महांतप्पा म्हणाले. "खायला काय ऱ्हायलंच न्हाय."

साहेबांनी यातलं पहिलं वाक्य वर कळवलं. एका ठासणीच्या बंदुकीनं गावाचा उपद्रव समूळ गेला, तरी प्रत्येक गावात अशा बंदुका वाढवाव्यात, अशी शिफारस झाली.

मुलीचं लग्न पुढच्या सालावर गेलं. खरकटी ताटं उचलताना जगदेवी म्हणाली, "डुकरं बरी व्हती. खाऊन गप जात व्हती. पानावर वाढा म्हनत नव्हती."

गावानं मात्र वेगळंच पाहिलं होतं. महांतप्पांच्या ओसरीवर साहेब बसतात, आणि त्यांना 'शिकारीजी' म्हणतात. पुढच्या बाजारी निम्मं बेंबळी उस्तादांच्या दारात उभं होतं.

"अप्पासारखी द्या. स्वस्तातली," उत्तरेश्वर म्हणाला.

"रानात डुकरं लई येत्यात काय?"

"डुकरांचं काय न्हाय वो. घरी चार साहेब यावेत."

सल्ल्यासाठी महांतप्पांना सोबत आणलं होतं. "अप्पा, खरं सांगा, कशी हाय बंदूक?"

महांतप्पांना उघडं रान आठवलं, गोठ्यामागची चूल आठवली, मुलीचं तोंड आठवलं. मग लोक आपल्याकडं कसे बघताहेत ते त्यांनी पाहिलं.

"झकास," ते म्हणाले. "घ्याच. फक्त नळी फुंकून घ्या."

बेंबळीकरांच्या अकलेची ज्यांना कीव आली असेल, त्यांनी आपल्या बैठकीत दर्शनी जागी काय टांगलं आहे ते एकदा पाहावं. आणि शेजाऱ्यानं 'कसं काय आहे हो?' असं विचारलं, तेव्हा आपण काय उत्तर दिलं होतं, तेही आठवावं.